डोंगरउताराची साडेचार एकर जमीन: माती धरून ठेवायला सरकारची मदत नेमकी कुठल्या दारात मागायची?

उतारावरचं_शेत (पाटोदा, जि. बीड)

नमस्कार मंडळी,

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमची साडेचार एकर जमीन आहे. पुण्यातली नोकरी सोडून मी गावी आलोय. वडिलांच्यानं आता होत नाही, म्हणून शेत मीच बघतो. वरची दोन एकर नुसती मुरमाड, नांगर टेकवला की दगड लागतो. खालची अडीच एकर ओढ्याला लागून आहे, मध्यम काळी, बरी आहे. उतार सरळ ओढ्याकडे. मधोमध एक जुना बांध आहे, बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर घातलेला. आजोबांनी स्वतः त्यावर माती टाकली होती. तो आता दोन ठिकाणी फुटलाय.

यंदा मृगात एका रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी जाऊन बघतो तर सोयाबीनच्या तासांतून हातभर रुंद घळ पडलेली. नुकती दोन पानांवर आलेली रोपं मुळासकट वाहून ओढ्याकाठच्या बाभळीच्या बुडाला गोळा झालेली. रोपं परत पेरता येतात, पण माती गेली ती गेलीच. वडील म्हणाले, दरवर्षी थोडी थोडी जातेच, यंदा डोळ्याला दिसली इतकंच.

विहीर आहे, संक्रांतीनंतर तळ दिसतो. वरच्या मुरमाडात सीताफळ लावावं, पाण्यासाठी शेततळं करावं, खाली ठिबक टाकावं आणि बांध नीट करून घ्यावेत असं डोक्यात आहे. या सगळ्याला सरकारच्या योजना आहेत असं सगळे सांगतात. पण मोबाइलवर शोधायला बसलं की डोकं गरगरतं. पोकरा, जलयुक्त, मागेल त्याला शेततळे, फुंडकर योजना, रोजगार हमी, नावंच नावं. कृषी कार्यालयात गेलो तर म्हणाले, हे आमच्याकडे नाही, पंचायत समितीत विचारा. तिथं म्हणाले, ग्रामपंचायतीत जा. एक जण तर घरी येऊन सांगून गेला की अनुदानातला ठरावीक वाटा द्या, सगळं मी बघतो.

कागदाची अडचण अशी की सातबारावर वडील आणि दोन चुलते, तिघांची नावं सामायिक आहेत. वाटणी तोंडी झालेली, ज्याचा तो कसतो. भांडण काही नाही. एक चुलते पिंपरीला असतात.

मला कळत नाही ते असं: सामायिक सातबारावर अर्ज होतो का? बांध दुरुस्तीला एकट्या शेतकऱ्याला काही मिळतं का? आणि यातलं आधी काय धरायचं? कुणी या वाटेनं गेलं असेल तर सविस्तर सांगा.

---

सेवाकेंद्र_चालक (केज)

भाऊ, मी सेवा केंद्र चालवतो. कागदाचं तेवढं मी सांगतो, शेतातलं इतर जाणकार सांगतील.

सगळ्यात आधी शेतकरी ओळख क्रमांक काढा, ज्याला लोक फार्मर आयडी म्हणतात. एप्रिल 2025 पासून कृषी खात्याच्या योजनांना तो लागतोच. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि सातबारा एवढ्यावर निघतो. वडिलांच्या नावानं काढा, कारण सातबारावर नाव त्यांचं आहे, तुमचं नाही. आयडी काढताना वडिलांच्या नावचे सगळे गट त्यात आलेत का ते तिथंच बसून बघा. एखादा गट सुटला तर पुढं त्या गटावर अर्जच होत नाही.

दुसरं, बँक खातं. खात्याला आधार जोडलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसे आधारवरून त्या खात्यात येण्याची नोंद असणं वेगळं. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग' झालंय का असं विचारा. वडिलांना पीएम किसानचे हप्ते येत असतील तर ते कुठल्या खात्यात येतात ते बघा, बहुतेक तेच खातं जोडलेलं असतं.

महाडीबीटीवर, म्हणजे योजनांचे अर्ज भरायच्या सरकारी संकेतस्थळावर, पूर्वी सोडत निघायची. 2025 पासून प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य झालंय, त्यामुळे अर्ज लवकर टाकण्याला आता अर्थ आहे. अर्जाची फी 23 रुपये 60 पैसे. भरून देण्याचे केंद्रवाले आपले थोडे घेतात, तेवढं ठीक आहे. पण अनुदानात वाटा मागणाऱ्याला घरात घेऊ नका. अर्ज मंजूर करणं त्याच्या हातात नसतंच. तुमचा नंबर लागला की तो म्हणणार मी लावला.

आणि हे ध्यानात ठेवा: पूर्वसंमतीचं पत्र हातात येईपर्यंत काही विकत घेऊ नका, काही खोदू नका. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. माझ्या केंद्रात लोक नवीकोरी पावती घेऊन येतात आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं. फार वाईट वाटतं.

---

निवृत्त_पर्यवेक्षक (अंबाजोगाई)

दादा, मी कृषी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा काळ मराठवाड्यात पाणलोटाच्या कामांवर गेला. तुमचं ते बाभळीच्या बुडाशी अडकलेल्या रोपांचं वाचलं आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो.

तुम्ही योजनांची नावं घेऊन शोधताय, म्हणून गोंधळ होतोय. नावं बदलत राहतात. साधी पदांचीच गोष्ट घ्या. ज्याला आपण तलाठी म्हणतो तो आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक तो ग्रामपंचायत अधिकारी, कृषी सहायक तो सहायक कृषी अधिकारी. गावात मात्र सगळे जुन्याच नावानं हाक मारतात. काम कुठलं आहे ते धरा, म्हणजे दार आपोआप सापडतं.

तालुक्याला शेतीची कचेरी एक नाही, दोन आहेत, आणि लोक इथंच फसतात. तालुका कृषी अधिकारी हा राज्याच्या कृषी खात्याचा. ठिबक, शेततळं, अवजारं, फुंडकर योजनेतली फळबाग, हे सगळं त्याच्याकडे आणि अर्ज महाडीबीटीवर. पंचायत समितीतला कृषी अधिकारी हा जिल्हा परिषदेचा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना, आदिवासी शेतकऱ्यांसाठीची बिरसा मुंडा योजना त्याच्यामार्फत चालतात. शिवाय जिल्हा परिषद आपल्या सेसमधून, म्हणजे स्वतःच्या उपकराच्या पैशातून, कधी पाइप, कधी ताडपत्री, कधी पंप देते. त्याची सूचना पंचायत समितीच्या फलकावर लागते आणि मुदत थोडी असते, म्हणून तालुक्याला गेलात की फलकावर नजर टाकायची सवय ठेवा. तिसरं दार ग्रामपंचायतीचं, रोजगार हमीसाठी. चौथं मृद व जलसंधारण विभागाचं. तुम्हाला इकडून तिकडं पाठवलं ते प्रत्येक वेळी टाळायलाच पाठवलं असं नाही. कामं खरोखरच वेगवेगळ्या दारांत आहेत. दुःख एवढंच की कुणी खाली बसवून समजावून सांगत नाही.

आता तुमचं शेत. मी तुमच्या जागी असतो तर शेततळ्यापासून सुरुवात केली नसती. उताराची माती मोकळी असताना खाली तळं खोदलं की ती माती तळ्यातच येऊन बसते. दोन-चार पावसाळ्यांत अर्धं तळं गाळानं भरलेलं मी पाहिलंय, अनुदान घेऊन केलेलं. आधी माती अडवायची, मग पाणी साठवायचं, मग ते जपून वापरायचं. आम्ही याला माथा ते पायथा म्हणायचो. गावाच्या पाणलोटाला जो नियम, तोच साडेचार एकरालाही लागू आहे.

बांधबंदिस्तीचा पेच असा की तिला महाडीबीटीवर तुम्हाला बटण सापडणार नाही. हे काम बहुतेक करून गावाच्या आराखड्यातून येतं. पाणलोट विकासाचं असो, जलयुक्त शिवारचं असो, गटवार कामं आराखड्यात बसवतात. जलयुक्त शिवारचा दुसरा टप्पा 2023 च्या सुरुवातीला जाहीर झाला, पण सगळी गावं त्यात नाहीत. तुमचं आहे का ते सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. नसलं तरी रोजगार हमीतून अल्प आणि अत्यल्प भूधारकाच्या स्वतःच्या जमिनीवर बांधाचं काम घेता येतं. अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरपर्यंत, साधारण पाच एकर. तुम्ही त्यात बसता. घरात जॉबकार्ड काढा, ग्रामसभेत आपल्या गटाचं काम ठरावात घालून घ्या. रोजगार हमीच्या पुढच्या वर्षाच्या कामांची यादी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपासून तयार व्हायला लागते. त्या सभेला शेतकरी येत नाहीत आणि मग वर्षभर विचारत राहतात की आमचं काम का नाही. तोंडी सांगू नका. साध्या कागदावर गट नंबर, क्षेत्र, काय काम हवं आहे ते लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.

पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. पहिला टप्पा 2018 ला सुरू झाला, जागतिक बँकेच्या मदतीचा. दुसऱ्या टप्प्यात 21 जिल्ह्यांतली 7,201 गावं घेतलीत. बीड जिल्हा आहे, पण तुमचं गाव यादीत आहे का ते बघायला हवं. असेल तर त्याचा अर्ज महाडीबीटीवर नाही, प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असतो. गावात त्याची समिती असते, तिच्या बैठकीला जा.

तुमचा जुना बांध फुटलाय तो दोन ठिकाणी, म्हणजे पाणी बांधाशी तुंबून त्याला वाट मिळाली नाही. नुसती माती टाकून भोक बुजवलं तर पुढच्या मृगात तिथंच फुटेल. बांधाला सांडवा लागतो. बांधाच्या ज्या टोकाला जमीन टणक असेल तिथं सांडवा काढायचा आणि त्याच्या तोंडाला, खालच्या अंगाला दगड रचून पिचिंग करायचं, म्हणजे जास्तीचं पाणी माती न घेता उतरतं. बहात्तरचे बांध अनेक ठिकाणी अजून उभे आहेत, आणि जे टिकले त्यांतल्या बहुतेकांना सांडवा नीट होता असं माझं पाहणं आहे. तुमच्या मुरमाडात निघणारे दगड वाया घालवू नका, तेच पिचिंगला लागतील. घळ पडलीय तिच्यातही त्याच दगडांचे गुडघाभर उंचीचे आडवे बांध वरपासून खालपर्यंत ओळीनं घाला. हे करायला कुठल्याही मंजुरीची वाट बघायची गरज नाही.

आणि वरची दोन एकर. तिला गाळ हवा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना 2017 ला आली, 2023 ला पुन्हा नव्यानं सुरू केली. तलावातून गाळ काढायच्या यंत्राचा आणि इंधनाचा खर्च सरकार देतं. वाहून नेण्याचं काम शेतकऱ्याचं, पण अल्प आणि अत्यल्प भूधारकाला त्यासाठीही घनमीटरला 35 रुपये 75 पैसे मिळतात. एकरी 15,000 ची मर्यादा, जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी 37,500. तुमची दोन एकर अगदी त्यात बसते. ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत अर्ज जलसंधारण विभागाकडे. पण गाळ हातात घेऊन बघा. चिकण काळा असेल तर आणा. वाळू किंवा पांढरी चुनखडी दिसली तर ट्रॉली रिकामी परत न्या, ती जमीन सुधारत नाही, बिघडवते. आणि बांध आधी, गाळ नंतर. नाहीतर तलावातून आणलेला गाळ पुन्हा ओढ्यानं तलावात.

शेतकरी म्हणतात अनुदान कमी आहे, ते खरंच आहे. पण माती गेली तर त्यावर कुठली योजना टाकणार? तुम्ही तरुण आहात आणि पहिला प्रश्न मातीचा विचारलात, याचं मला फार बरं वाटलं.

---

सुनंदाताई_जालना

भाऊ, काकांनी सांगितलं ते सोळा आणे खरं आहे. आमच्या जालना जिल्ह्यात कडवंची गाव आहे, तिथं एकदा जाऊन या. नव्वदच्या दशकात तिथं पाणलोटाचं काम झालं, इंडो-जर्मन कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली. आधी बांधबंदिस्ती, मग शेततळी, मग द्राक्षं. कमी पावसाच्या गावात आज शिवारभर शेततळी दिसतात. मी बचत गटाच्या बायांबरोबर गेले होते, आणि आमच्या शेतातल्या कामाचा क्रम तिथून आल्यावर ठरला.

मी शेततळं आणि ठिबक दोन्ही योजनेतून केलंय, तर त्यातलं सांगते.

ठिबकला अल्प-अत्यल्प भूधारकाला 80 टक्के, बाकीच्यांना 75 टक्के. केंद्राच्या योजनेतले 55 आणि 45, वरचे राज्य घालतं. पण हे टक्के सरकारनं ठरवलेल्या खर्चावर असतात, दुकानदाराच्या बिलावर नाही. फरक आपल्या खिशातून जातो. आणि पैसे आधी आपण घालायचे, अनुदान मागून येतं. कधी येईल ते कुणी छातीठोक सांगत नाही. उसनवारी करणार असाल तर त्याचं व्याज हिशोबात धरा. त्याच जागेवर पुन्हा ठिबकचं अनुदान सात वर्षांनंतरच, म्हणून नळी चांगली बघून घ्या.

शेततळ्याला पूर्वी 50,000 ची मर्यादा होती, ती 75,000 केली. त्याला किमान क्षेत्राची अट असते, ती कृषी कार्यालयात विचारून घ्या. तुमच्या वडिलांच्या वाट्याचं तेवढं आहे का ते बघा, कारण सातबारा सामायिक आहे. मोठं तळं, समजा तीस बाय तीस मीटर आणि तीन मीटर खोल, बाजूचा उतार एकास एक धरला तर बावीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. मुरमाडात मात्र ते राहत नाही, पाझरतं. प्लास्टिकचं अस्तर लागतं, त्याचा खर्च वेगळा आणि त्याची मंजुरीही वेगळी बघावी लागते. खोदण्याआधी हे सगळं धरूनच हिशोब करा. अर्धवट तळं म्हणजे शेतात नुसता खड्डा.

अस्तर टाकायच्या आधी आम्ही घरातल्या सगळ्यांनी तळाशी बसून हातानं खडे वेचले. एक टोकदार दगड राहिला तरी पाण्याच्या वजनानं कागद फाटतो. मग चाळलेल्या मातीचा थर दिला. उंदीर-घुशी कडेनं पोखरतात, म्हणून काठ स्वच्छ ठेवायचा. आणि भाऊ, कुंपण करा. ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. लेकरं, शेळ्या, कुत्री, काहीही पडतं. आमच्या तळ्याच्या चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर काठापासून पाण्यात सोडलेत आणि हवा भरलेल्या दोन ट्यूब बांधून ठेवल्यात. याला अनुदान नाही, पण हे आधी करा, पाणी नंतर भरा.

आणखी एक मनापासून सांगते. यांत्रिकीकरणात महिला शेतकऱ्याला 50 टक्के अनुदान असतं, इतरांना 40. तुमच्यासारख्या अल्पभूधारकालाही 50 च आहे, म्हणून टक्क्यांसाठी नको, पण घरातल्या बाईचं नाव सातबारावर यावं म्हणून लक्ष्मीमुक्ती योजना बघा. पतीच्या जमिनीवर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय 1992 पासून आहे. माझं नाव लागलं तेव्हापासून कृषी कार्यालयात मला 'यांची मंडळी' म्हणून नाही, शेतकरी म्हणून खुर्ची देतात.

---

उतारावरचं_शेत

काका, ताई, भाऊ, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. वडिलांना सगळं वाचून दाखवलं. सांडव्याचं ऐकून ते म्हणाले, पूर्वेच्या टोकाला दगडी तोंड होतं, नंतर बांधावरून गाडीवाट केली तेव्हा ते बुजवलं गेलं. म्हणजे काकांनी न बघताच ओळखलं.

अजून दोन गोष्टी विचारतो. चुलत्यांची हरकत नाही, पण कागदावर काय करायचं? आणि सीताफळ रोजगार हमीतून घ्यायचं की फुंडकर योजनेतून? लोक दोन्ही सांगतात.

---

सेवाकेंद्र_चालक (केज)

कागदाचं मी सांगतो. तात्पुरतं काम भागवायचं तर दोन्ही चुलत्यांचं संमतीपत्र स्टॅम्प पेपरवर घ्या, त्यात गट नंबर आणि कुठल्या कामासाठी संमती ते स्पष्ट लिहा. प्रत्येक कामाला वेगळं संमतीपत्र बरं पडतं. पण भांडण नाही ना, मग आत्ताच वाटणी करून टाका. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली सगळ्या हिस्सेदारांच्या सहमतीनं तहसीलदाराकडे वाटणीचा अर्ज करता येतो. चुलते दिवाळीला गावी आले की सह्या घ्या. पुढच्या पिढीत सह्यांची माणसं वाढत जातात आणि मग प्रत्येकाला शोधत फिरावं लागतं. वाटणी होऊन फेरफार मंजूर झाला की शेतकरी आयडीतली माहिती दुरुस्त झाली का ते मात्र पुन्हा तपासा. आणि डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून 15 रुपयांत निघतो, तोच चालतो.

---

निवृत्त_पर्यवेक्षक (अंबाजोगाई)

गाडीवाटेखाली सांडवा गेला म्हणता, तर मग काम निम्मं झालं म्हणा. तिथली माती उकरून जुने दगड सापडतात का बघा, जागा आधीच्या माणसांनी नीट बघून ठरवलेली असते. गाडीवाटेला दुसरी जागा द्या, किंवा सांडव्याच्या तळाला दगड पक्के बसवून त्यावरूनच बैलगाडी जाईल असं करा. असे उतार आमच्याकडे बऱ्याच बांधांवर आहेत.

सीताफळाचं सांगतो. घरात जॉबकार्ड असेल आणि तुम्ही अल्पभूधारक असाल तर आधी रोजगार हमीचीच फळबाग. खड्डे घेणं, लागवड, पुढची निगा, सगळ्याची मजुरी हजेरीपत्रकावर निघते, आणि तुमच्या घरच्या माणसांनी काम केलं तर ती घरातच येते. क्षेत्राची मर्यादा दोन हेक्टर. भाऊसाहेब फुंडकर योजना राज्याची आहे, 2018 पासूनची. जे रोजगार हमीत बसत नाहीत त्यांच्यासाठी ती मुख्यतः काढली. तिचं अनुदान तीन वर्षांत येतं, 50, 30 आणि 20 टक्के, आणि पुढचा हप्ता जगलेली झाडं मोजून. एकाच जागेवर दोन्हींतून पैसे घ्यायचा विचारही करू नका.

आपल्या बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. बालाघाटाच्या मुरमातच ते गोड होतं, त्यामुळे पीक तुम्ही बरोबर निवडलंय. फक्त रोपं आणताना बांधावरच्या आपल्या जुन्या झाडाचा विचार आधी करा. ज्या झाडाची फळं दरवर्षी मोठी आणि कमी बियांची येतात, त्याचे डोळे भरून कलमं करून घेता येतात का ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. अनुदानात बसणारी रोपं मात्र शासकीय किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेचीच लागतात, तर बाग त्या रोपांची आणि बांध आपल्या झाडाच्या कलमांचा, असं करता येईल.

रोपांच्या ओळी उताराला आडव्या घ्या. वरून खाली सरळ ओळी दिसायला छान, पण पाणी त्याच ओळींतून धावतं. समपातळी रेषा आखायला हायड्रोमार्कर वापरा, दोन मोजपट्ट्या आणि मध्ये पाणी भरलेली पारदर्शक नळी एवढंच असतं ते. सहायक कृषी अधिकाऱ्याकडे नसेल तर घरी करता येतं. दोन्ही काठ्यांतलं पाणी सारख्या खुणेवर आलं की ती समपातळी. वडिलांना एका काठीपाशी उभं करा, तुम्ही दुसरी घ्या आणि फक्की टाकत जा. दोन एकरांना एक सकाळ पुरते.

गाळाचा अर्ज आणि ग्रामपंचायतीचा ठराव मात्र हिवाळ्यातच उरकून ठेवा. तलाव एप्रिल-मेमध्येच आटतो, आणि त्या वेळी ट्रॅक्टर मिळवायला सगळ्या गावाची धावपळ असते. बांधाची रेषा पडली की इथं फोटो टाका, सांडव्याची रुंदी किती धरायची ते बघून सांगतो.